फार गुळगुळीत आकडे

कॉलेजात माझ्या आत्याला तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठ वळली की 'चाळणी'. फिजिओथेरपीच्या त्या कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची, आणि पदव्युत्तर मुलामुलींच्या प्रबंधांचं विश्लेषणही तिच्याच गळ्यात असायचं. खोली जिन्याखाली, शेजारी स्वच्छतागृह. फिनेलचा आणि आणखी कशाकशाचा वास भिंतीतून झिरपत यायचा. त्या वासाची तिला सवय झाली होती. शिसारी यायची ती माणसांची.

"बटण दाबा आणि निकाल द्या म्हणतात," घरी आल्यावर चपला काढता काढता ती सुरू व्हायची. "कसोटीच्या अटी पाळल्या जातायत का, हे कुणालाच बघायचं नसतं. भाजी निवडायची नाही, धुवायची नाही, थेट कढईत!"

एकदा शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी तिच्याकडे आली. विषय गुडघेदुखी. विभागप्रमुखांनी स्वतः बसवलेला एक व्यायाम होता आणि तो गुणकारी आहे हे दाखवायचं होतं. त्याच पेशंटना तीनदा विचारलं होतं: सुरुवातीला, मधे आणि शेवटी. पेशंटने एका रेघेवर खूण करायची. डावं टोक म्हणजे दुखत नाही, उजवं म्हणजे असह्य.

आत्याने आकडे सॉफ्टवेअरमध्ये घातले. आलेखात दोन ठिपके सगळ्यांपासून लांब, वर जाऊन बसले होते. त्या दोन बायकांचं दुखणं वाढलं होतं. असे लांबचे ठिपके नसावेत ही कसोटीची एक अट; दुसरी अटही मोडली होती.

"त्याच माणसांना पुन्हा पुन्हा मोजलं ना, की एक गोष्ट बघायची," आत्याने मुलीला समजावलं. "पहिल्या आणि दुसऱ्या वेळेतला फरक, दुसऱ्या आणि तिसऱ्यातला, पहिल्या आणि तिसऱ्यातला. हे तिन्ही फरक साधारण सारखेच पसरलेले हवेत. याला स्फेरिसिटी म्हणतात. तुझ्याकडे ती नाही. घाबरू नकोस, निकालाच्या तक्त्यात खाली त्यासाठी दुरुस्त केलेली ओळ असते, ती घ्यायची."

"आणि ते दोन ठिपके? काढून टाकायचे?"

"नोंद चुकली असेल तर दुरुस्त कर. चुकली नसेल तर त्या बायका खऱ्या आहेत. त्यांना कुठे काढतेस?"

दुरुस्त ओळीप्रमाणे व्यायामाचा फायदा छातीठोकपणे सांगता येत नव्हता. मुलगी मान हलवून गेली आणि पुढच्या आठवड्यात नवी फाइल घेऊन आली.

"टायपिंगच्या चुका होत्या, सर म्हणाले." बोलताना ती टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत होती.

आत्याने पुन्हा सगळं तपासलं. लांबचे ठिपके गायब. स्फेरिसिटी जवळजवळ पूर्ण. प्रत्येक टप्प्यात प्रत्येकाचं दुखणं जवळजवळ सारख्याच मापाने उतरलेलं, इस्त्री फिरवल्यासारखं. असे आकडे कधीमधी येतातही, म्हणून तिने जुनी फाइल शेजारी उघडली. बदल फक्त ज्यांचं दुखणं वाढलं किंवा तसंच राहिलं त्यांच्याच ओळींत होते. एका ओळीपुढे शेरा पुसायचा राहून गेला होता: 'जिना चढता येत नाही, व्यायाम बंद.' आणि त्याच बाईचं दुखणं आता रेघेच्या डाव्या टोकाला!

तोंडातला चहाचा घोट गिळवेना. ती उठली, शेजारच्या बेसिनमध्ये थुंकली आणि तशीच विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेली.

ते चहात बिस्किट बुडवत होते. अर्धं बिस्किट कपातच विरघळलं. त्यांनी बोट घालून तो लगदा बाहेर काढला आणि चाटला.

"बसा ना, मॅडम. कसोट्या पास झाल्या म्हणे?"

"आकडे पास झाले, सर. पण पेशंट कुठे गेले?"

"अहो, तुमचं काम आकड्यांपुरतं. पेशंट आम्ही बघतो."

"ज्या बाईला जिना चढता येत नाही, तिचं दुखणं बरं झालं?"

"एवढं काय मनावर घेता? सगळेच करतात." त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि हसले. त्या हसण्याचं वर्णन करताना आत्याचा चेहरा आजही अंगावर पाल पडल्यासारखा होतो.

तिने विश्लेषणाला नकार दिला. त्या संध्याकाळी मुलगी आमच्या घरी येऊन रडली.

"मॅडम, माझं वर्ष जाईल हो."

"आकडे तू बदललेस?"

"सर सांगत होते, मी टाइप करत होते."

आत्याने तिला पाणी दिलं, पण मायेचा एक शब्द तोंडातून निघाला नाही. ती गेल्यावर तो ग्लास आत्या घासतच बसली.

"अगं आत्या, पोरगी आहे ती," मी म्हटलं.

"म्हणूनच! या वयात हात इतके बरबटले, तर पुढे काय?"

आत्याने दोन्ही फाइली जोडून कॉलेजच्या संशोधन समितीकडे तक्रार केली. समितीत विभागप्रमुखांचे वर्गमित्र होते, बाकीच्यांनी मिठाची गुळणी धरली. उत्तर आलं: 'तांत्रिक मतभेद'. विश्लेषण दुसऱ्याकडून झालं, प्रबंध मंजूर झाला. वर आभारात आत्याचंही नाव! ते काढायला सांगितलं तर ग्रंथपाल म्हणाले, "बाइंडिंग झालंय, मॅडम."

मग त्या व्यायामाची पत्रकं कॉलेजच्या दवाखान्यात रुग्णांच्या बाकांवर दिसू लागली. आत्या जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन बसायची. "दुखलं तर थांबा हं. अंगावर काढू नका," एवढंच प्रत्येकीला सांगायची.

तिथेच एक बाई जावयाच्या खांद्यावर भार टाकत आली. बोलता बोलता कळलं, ती त्या अभ्यासातली होती.

"मी तर मधेच यायचं बंद केलं," ती म्हणाली. "शेवटी मला कुणी विचारलंच नाही."

आत्याने तिला दवाखान्यात नव्यानेच आलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिचा गुडघा पुढे बराच सुधारला, वेगळ्या उपचारांनी. विभागप्रमुखांना मात्र बाकावरची ही बडबड कळली, आणि आत्याची रवानगी मागच्या इमारतीत, पहिल्या वर्षाच्या वर्गांवर झाली.

मागच्या महिन्यात त्या मुलीचा फोन आला. आता ती नोकरीला लागली आहे. "मॅडम, मी तो व्यायाम कुणालाच देत नाही," तिने सांगितलं.

"हे लेखी देशील?" आत्याने विचारलं.

पलीकडून "मॅडम, घरी पाहुणे आलेत," आणि फोन कट.

आत्याने फोन पदराला पुसला आणि टेबलावर पालथा ठेवला.