मुनीमचे पाय

घोडेवाला गेला तरी त्याच्या बायकोला सगळी गल्ली घोडेवालीच म्हणायची. घोडा तसा नावालाच, बुटकं तट्टू ते. पोट सुटलेलं, आयाळ डोळ्यांवर आलेली, आणि माणसाकडे बघायचं ते चष्म्यावरून बघावं तसं. म्हणून घोडेवाल्याने त्याचं नाव ठेवलं मुनीम. बागेच्या फाटकाशी उभं राहायचं आणि मुलांना पाठीवर घेऊन एक चक्कर मारून आणायची, एवढीच त्याची आयुष्यभराची नोकरी. मूल उतरलं की त्याची आई कौतुकाने पाव पुढे करायची, बिस्कीट पुढे करायची. मुनीम नाही म्हणणाऱ्यातला नव्हता. त्या कौतुकानेच त्याच्या पायांची वाट लावली.

एका सकाळी तो खोपटातून बाहेरच येईना. पुढचे दोन्ही पाय लांब टाकलेले, सगळा भार मागे, जणू खालची फरशी तापलीय. वळायला लावलं तर अणकुचीदार खडीवरून अनवाणी चालावं तसा एकेक पाऊल चाचपत वळला. घोडेवालीला वाटलं, खिळा लागला असेल. नालबंद आला, पाय मांडीवर घेतला, चिमट्याने खूर दाबून पाहिला आणि हळूच खाली ठेवला.

"वहिनी, हे माझ्या एकट्याच्या हातातलं नाही. डॉक्टरला बोलवा."

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी समजेल असं सांगितलं. खुराच्या आत सूज आलीय. आपलं नख आतून सुजलं आणि दिवसभर त्याच नखावर उभं राहायला लावलं तर कसं होईल, तसं. अंगावर चरबी चढली, गोड खाणं झालं, कोवळं गवत पोटात गेलं की असं होतं.

"आतलं हाड खुरापासून जरा सुटलंय मावशी. आणखी सरकलं तर तळव्यातून खाली येईल. मग मला दुसरं इंजेक्शन घेऊन यावं लागेल, आणि ते बरं करायचं नसेल."

घोडेवालीने मान हलवली. दुसरं इंजेक्शन म्हणजे काय, ते विचारायची गरज नव्हती.

तिथून तिच्या मागे जे लागलं ते लागलंच. वाळलेलं गवत टबात भिजत घालायचं, त्यातली साखर पाण्यात उतरू द्यायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि निथळतं गवत जाळीत भरून टांगायचं. सुकं गवत उचलायला काही वाटत नाही, पण भिजलेलं म्हणजे झोपलेलं पोर उचलल्यासारखं जड. खाली सुताराकडच्या भुशाची जाड गादी. जुन्या गादीतला स्पंज कापून खुरांच्या तळव्यांना चिकटपट्टीने बांधायचा. मुनीम तासाभरात तो लाथाडून काढायचा आणि निरागस चेहरा करून उभा राहायचा. मध्येच नालबंद येऊन खुरांवर कानस मारून जायचा. घोडेवालीचे स्वतःचे गुडघे त्या भुशात बसून बसून बोलायला लागले होते, पण त्यांचं ऐकायला कोणाला वेळ होता?

बाहेरून जाणारे थांबायचे. "काय हो, घोड्याला डाएट?"

"माझ्याच्याने होत नाही, म्हणून त्याला लावलंय," ती म्हणायची. हसायची नाही.

घरातलं मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. सासूबाई खोपटाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. डोळ्यांनी आताशा अंधुकच दिसायचं. मुनीम त्यांच्या मांडीवर नाक ठेवायचा आणि त्या त्याचे कान चोळत बसायच्या.

"बरगड्या हाताला लागायला लागल्या याच्या," त्या म्हणायच्या. "माझ्या पोराचं घोडं उपाशी मारतेस तू."

"लागायलाच हव्यात आई. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"त्या बाईला काय, ती घरी जाऊन जेवते."

रोज हेच. एका गोष्टीचं तेवढं घोडेवालीला समाधान होतं. मुलगा गेल्यापासून घासभर खाऊन ताट सारणाऱ्या सासूबाई अलीकडे चहाबरोबर बिस्किटं मागायला लागल्या होत्या. पुडा बघता बघता संपायचा. ती पुढचा आणून ठेवायची. चला, घरातलं एक तरी माणूस सुधारतंय.

पायांची सूज जरा उतरलीय असं वाटेपर्यंत मुनीमने परत पुढचे पाय लांब टाकले. डॉक्टरीणबाईंनी खूर चाचपले, खुरावरच्या शिरेवर बोट ठेवलं.

"काय खाल्लं याने?"

"धुतलेलं गवत. शपथ घेऊन सांगते."

"मावशी, एवढं गवताने नाही व्हायचं. हा आठवडा बघू. नाही उतरलं तर त्याचे हाल करण्यात अर्थ नाही."

घोडेवालीने गल्लीतल्या एकेकाचा हिशोब मनात मांडला. कोण कुंपणावरून टाकत असेल? दुपारी पोतं घेऊन भुसा आणायला निघाली, तर सुताराचं दार बंद. तशीच परत फिरली. फाटकातून आत आली आणि थबकली.

सासूबाई बिस्कीट चहात बुडवत होत्या. अर्धं मोडून मुनीमच्या ओठांशी धरत होत्या.

"खा बाबा. ती आली की मिळायचं नाही."

मुनीम डोळे मिटून खात होता.

म्हणजे पुडे आणून देणारी तीच. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायलाही अंगात जोर लागतो. रिकामं पोतं खाली टाकलं, सासूबाईंच्या पायाशी भुशात बसली आणि त्यांचा हात धरून खाली ओढला.

"काय करतेस? पडेन ना मी."

"पडत नाही. वाका जरा."

तिने तो सुरकुतलेला हात मुनीमच्या पुढच्या खुरावर ठेवला, मग वरच्या शिरेवर. शीर बोटाखाली थाडथाड उडत होती. सासूबाईंनी हात काढला नाही.

"चुलीवरचं भांडं आहे हे," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि हा यावर उभा राहतो?"

"दिवसभर."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"रोज सांगते आई."

"सांगतेस. हात कधी लावून दिलास?"

उरलेलं अर्धं बिस्कीट सासूबाईंनी तिच्यापुढे धरलं. तिने खाल्लं. सकाळपासून पोटात काही नव्हतंच.

आठवडा सरला. डॉक्टरीणबाई पिशवी घेऊन आल्या. घोडेवालीने त्या पिशवीकडे बघितलंच नाही. त्यांनी दोन्ही खूर चाचपले, मुनीमला दोन पावलं चालवून पाहिलं. तो चालला, कुरकुरत, पण चालला.

"खूर निवलेत. सध्या तरी राहू दे. पण बागेत नेणं बंद. पाठीवर ओझं आता कायमचं नाही."

म्हणजे नोकरी सुटली, पोट तेवढं राहिलं. घोडेवाली "बरं" म्हणाली आणि टबाकडे वळली. गवत निथळायचं होतं.

आता सासूबाई खुर्चीवर काठी घेऊन बसतात. कुंपणाशी पाऊल वाजलं की आधी काठी आपटतात, मग कोण आहे ते विचारतात. शेजारणीचा हात रिकामा असला तरी तिला उघडून दाखवावा लागतो. रोज स्वतः खूर चाचपतात आणि जरा शंका आली की सुनेलाही आडव्या येतात.

"आत्ताच तर दिलंस ना त्याला?"

"ते सकाळचं होतं आई."

"मग इतक्यात काय परत? ताप वाढेल त्याचा."

घोडेवाली ओली जाळी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी असते. पाणी तिच्या पायांवर ठिबकत असतं.

"आई, हे त्याचं जेवण आहे. आता मला आत जाऊ द्या."