देवाला चालणारं मीठ

“हे बाळसं नाही, सूज आहे,” असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा सई त्यांच्या टेबलावर बसून स्टेथोस्कोपची नळी ओढत होती. त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा तिथे खळगा पडला. तो लवकर भरून येईना. मी त्याच्याकडेच बघत राहिले, त्यामुळे आजाराचं नाव मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही.

नाव होतं नेफ्रोटिक सिंड्रोम. ज्यांच्या घरी हे नाव आत्ता नवीन आलं असेल, त्यांच्यासाठी मला समजलं तसं सांगते. मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी. या आजारात तिची भोकं सैल होतात आणि रक्तातलं प्रोटीन लघवीतून वाहून जातं. प्रोटीन कमी झालं की रक्तातलं पाणी पाझरून अंगात साठत राहतं. आधी पापण्या सुजतात, मग पाय, मग पोट. सई तेव्हा चार वर्षांची होती.

त्याआधीचे काही आठवडे आमच्या घरात आनंदीआनंद होता. आम्ही शनिवार पेठेत राहतो. इथे कोणी कोणाचं कौतुक फुकट करत नाही. पण जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई सांगत होती, “आता कशी अंगानं भरलीय हो पोर! नाहीतर नुसती काडी होती.” मी खूश होत होते. फ्रॉक घट्ट झाले म्हणून नवीन आणले. सकाळी पापण्या सुजलेल्या दिसायच्या, त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. सासूबाईंनी तर मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टसुद्धा काढली. इतक्या सगळ्या शिकल्यासवरल्या माणसांत ते पाणी आहे, असं कोणाच्याही मनात आलं नाही.

घरात आम्ही तिघी होतो. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करत होते. सकाळी नदीपलीकडून कंपनीची बस पकडायची आणि परतायला दिवेलागण व्हायची. नवरा, नितीन, कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होता. त्या काळात मुलगा ऑनसाइट गेला की घरोघरी पेढे वाटत, तसे आमच्याकडेही वाटले गेले होते. माझं माहेर अकोल्याचं, म्हणजे हाक मारली की येईल असं पुण्यात माझं कोणी नव्हतं. सईचं सगळं सासूबाईच बघत, आणि ते चोख बघत. त्यांच्या स्वयंपाकघरात मला पाणी प्यायलाही जरा विचारूनच जावं लागे, हेही खरं.

आम्ही गेलो ते मुलांचं हॉस्पिटल एका ट्रस्टचं आहे. बाहेर बाकं, बाकांवर आया, आयांच्या मांडीवर पोरं. थांबणं म्हणजे काय ते मी तिथे शिकले. लघवी तपासणीसाठी थांबा, रक्तासाठी थांबा, रिपोर्टसाठी थांबा, मग रिपोर्ट बघायला डॉक्टर येईपर्यंत थांबा. मोबाइलवर ऑफिसमधून फोन यायचे, रिलीज तोंडावर आलंय, तू कधी येतेस. मी प्रत्येकाला ‘उद्या’ सांगत होते. पुढे पुढे त्यांनीही विचारणं सोडलं.

सईला वॉर्डात घेतलं आणि औषध सुरू झालं. ते होतं स्टिरॉइड. या शब्दाला मी घाबरले होते. डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं, “तिचा चेहरा गोल होईल, भूक वाढेल, चिडचिड करेल. तरी गोळी मनानं बंद करायची नाही. पाहुणे आले, गावाला गेलात, कोणी काही सांगितलं, तरी नाही.”

“आणि गुण नाही आला तर?”

“महिनाभरात लघवीतलं प्रोटीन थांबलं, तर औषध लागू पडलं म्हणायचं. बहुतेक मुलांत पडतं. नाही थांबलं, तर बायोप्सी करावी लागेल.” बायोप्सी म्हणजे सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासायचा. त्याच्या पुढचं मी विचारलं. “मग किडनी किती टिकेल हे बघत राहावं लागतं,” त्या म्हणाल्या. त्या महिन्यात मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

घरी करायची तपासणी नर्सनी शिकवली. सकाळची पहिली लघवी काचेच्या नळीत घ्यायची आणि नळीचा वरचा भाग ज्योतीवर तापवायचा. प्रोटीन असलं की दूध नासावं तशी पांढरी होते. मग त्यांनी दिलेल्या अ‍ॅसिडचे थेंब टाकून खात्री करायची. जेवणाचं पथ्य सोपं होतं: सूज आहे तोवर मीठ बंद. घरी आल्यावर मी सासूबाईंना तसंच सांगितलं. “कळतं मला,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून सईच्या ताटातली मिठाची जागा रिकामी राहिली.

वॉर्डात सूज उतरायला लागली होती. घरी आलो आणि ती पुन्हा चढली. पापण्या इतक्या सुजल्या की सकाळी सईला डोळे उघडता येईनात. पोट नगाऱ्यासारखं ताणलं. नळी रोज पांढरी. पुन्हा हॉस्पिटल गाठलं, तर ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. चार वर्षांच्या मुलीला ब्लडप्रेशर! आगीतून निघून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. वॉर्डात पुन्हा सूज कमी झाली, घरी पुन्हा वाढली. मी इतकी थकले होते की एकदा बाकावर बसल्या बसल्या मला झोप लागली आणि आमचा नंबर निघून गेला. शेजारच्या बाईने माझ्यासाठी भांडून तो परत मिळवला.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “इथे उतरते आणि घरी चढते. मीठ कुठून तरी जातंय.”

“मॅडम, मीठ पूर्ण बंद आहे. मी रोज विचारते.”

“विचारता. स्वयंपाक कोण करतं?”

“सासूबाई.”

“मग तुम्हाला काय विचारत बसू? त्यांना घेऊन या, गुरुवारी. आणि मुलीसाठी रोज करतात तोच डबा आणायला सांगा. माझ्यासाठी खास काही नको.”

दर गुरुवारी या हॉस्पिटलात डबे चाखतात. पथ्याच्या मुलांच्या घरी जी बाई किंवा जो बाप्या स्वयंपाक करतो, त्याने डबा घेऊन यायचं. आहारतज्ज्ञ वैशालीताई प्रत्येक डबा उघडून घासभर खातात. त्या म्हणतात, माणसं सांगताना पथ्याचं सांगतात आणि रांधताना सवयीने रांधतात.

सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “आता माझ्या हातचं चाखून बघणार? बघा म्हणावं.” तरी आल्या. इस्त्रीची सुती साडी नेसून, पितळी डबा घेऊन, ताठ मानेने. व्हरांड्यात सतरंजीवर बाया बसल्या होत्या. शेजारी लोणी काळभोरहून आलेल्या एक आजी होत्या. त्यांच्या नातवाचं दुखणं सईचंच होतं. “तुमची बी नात का?” त्यांनी विचारलं. सासूबाई नुसतं “हो” म्हणाल्या.

वैशालीताईंनी आमचा वरणभात चाखला. पुन्हा चाखला.

“आजी, यात मीठ आहे.”

“नाही.”

“आहे हो.”

“मिठाचा कण नाही. सैंधव आहे.” सासूबाई इतक्या ठामपणे म्हणाल्या की सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागल्या. “मीठ डॉक्टरांनी बंद केलं, त्या दिवशीच मी बंद केलं. पण अळणी ती खाईना, रडून उपाशी झोपायची. संकष्टीला आपण मीठ खातो का? सैंधव खातो. उपासाच्या दिवशी देवाला चालतं ते. मग लेकराला कसं बाधेल?”

कोणी हसलं नाही. लोणीच्या आजी तर म्हणाल्या, “बरोबर हाय की. आम्ही बी तेच घालतोय.”

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला संताप आला. रोज विचारत होते मी, “मीठ नाही ना घातलं?” आणि रोज त्या खरं खरं सांगत होत्या, “नाही.” त्यांचं उत्तर खोटं नव्हतं, याचाच जास्त संताप आला. माझ्या मुलीचं ब्लडप्रेशर वाढत होतं, आणि हा देवाला चालणारा खडा रोज तिच्या वरणात पडत होता.

वैशालीताई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की पाणी धरून ठेवतं ते सोडियम. ते पांढऱ्या मिठात असतं, सैंधवात असतं, काळ्या मिठात असतं. पापडखारात, लोणच्यात, बिस्किटात, दुकानातल्या पावात असतं. “देवाचं मला माहीत नाही, आजी,” त्या म्हणाल्या, “पण किडनीला दोन्ही मिठं सारखीच.” मग डॉक्टर मॅडम आल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, “आजार मिठानं झालेला नाही, आजींनीही केलेला नाही. सूज आणि बीपी मात्र मिठानं वाढलं. आता उतरेल.”

घरी गेल्यावर सासूबाईंनी सैंधवाची बरणी बाल्कनीतल्या नळाखाली उपडी केली आणि पाणी सोडून दिलं. त्या रात्री त्या सईसोबत अळणी जेवल्या. दुसऱ्या दिवशीही. सई म्हणाली, “आजी, तुला पण सूज आली?” त्या म्हणाल्या, “हो. मला डोक्याला आलीय.” तेव्हा मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर माझा रागही बराचसा गेला. लिंबू, जिऱ्याची पूड, कोथिंबीर, दही, लसणाची फोडणी असलं काय काय घालून त्यांनी अळणी वरण सईच्या गळी उतरवलं.

सूज उतरली, बीपी उतरलं. नळी मात्र पांढरीच राहत होती. महिना संपत आला. डॉक्टर मॅडमनी बायोप्सीची तारीख ठरवायची का, असं विचारलं. नितीन फोनवर नुसता “मी येतो, मी येतो” म्हणत होता. मी म्हटलं, येऊन काय करशील, नळी तापवशील? फार टोचून बोलले मी, पण तेव्हा माझ्यापाशी गोड शब्द उरले नव्हते.

मग एका सकाळी नळी तापवली आणि ती स्वच्छ राहिली. मला खात्री पटेना. थेंब टाकले. तरी स्वच्छ. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, “पाणी आहे नुसतं.” दुसऱ्या दिवशी स्वच्छ, तिसऱ्या दिवशीही. बायोप्सी टळली.

हे वाचणाऱ्यांना खोटा दिलासा देणार नाही. हा आजार परत येतो. आमच्याकडे सर्दी-तापाचं निमित्त होऊन कितीदा तरी आला. पुन्हा गोळ्या, पुन्हा गोल चेहरा, पुन्हा अळणी. शाळेत मुलं सईला ‘डबलरोटी’ म्हणायची. मी बिनपगारी रजा घेतल्या, मग नोकरी सोडली, मग अर्धवेळ धरली. नितीन परत आला आणि नळी तापवायला शिकला. थकवा जातो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याची सवय होते.

आपण एकटे नाही हे मात्र त्या व्हरांड्यात कळलं. हॉस्पिटलची माणसं आपल्या दारात पेशंट येण्याची वाट बघत बसत नाहीत. विश्रांतवाडीच्या वस्तीतल्या बालवाड्यांत जातात, लोणीसारख्या गावांत शिबिरं घेतात. नडगीवर अंगठा कसा दाबायचा, सकाळच्या सुजलेल्या पापण्या कशा ओळखायच्या, हे बालवाडीच्या बाईंना शिकवतात. कुठलं तरी मूल आता माझ्या सईपेक्षा लवकर डॉक्टरकडे पोचत असेल. सासूबाई तर पुढे सई बरी असतानाही गुरुवारी जायच्या. नवीन आजी दिसली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “उपासाला काय खाता?” लोणीच्या आजी शेजारी बसून मान डोलवायच्या.

नळी स्वच्छ राहून सूज पूर्ण गेली, तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, “आता थोडं मीठ सुरू करा.” त्या दुपारी सासूबाईंनी सईचं ताट वाढलं आणि रिकाम्या जागी चिमूटभर मीठ ठेवलं. सईने हात मागे घेतला. चार वर्षांची पोर, तिने आजीकडे बघून घाबरत विचारलं, “आजी, हे उपासाचं की रोजचं?”

“रोजचं,” सासूबाई म्हणाल्या.

पुढे प्रत्येक वेळी आजार येऊन गेला की ताटात मीठ पडायचं आणि सई तोच प्रश्न विचारायची. आधी भीतीने, मग सवयीने, मग आजीला चिडवायला. आठवीत असताना तिची गोळी शेवटची बंद झाली. आजार त्यानंतर आला नाही. सासूबाईंचे हात तोवर कापायला लागले होते. त्या दिवशी मीठ वाढताना चिमूट ताटाबाहेर सांडली. सईने ती बोटाने टिपून जिभेवर ठेवली आणि विचारलं, “आजी, उपासाचं की रोजचं?”

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. शेवटी मीच म्हणाले, “रोजचं गं. जेव आता.”