पांढरं काही खायचं नाही!

अंगावर कोड आलं की खाण्यापिण्याचे सल्ले आपोआप सुरू होतात. मागावे लागत नाहीत. विंटरमध्ये आपण ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आत यावं आणि चहाला उकळी येईपर्यंत रस्ता साफ करणाऱ्या प्लाउवाल्यानं पुन्हा ढीग लावून जावं, तसं आहे ते. आधी मला राग यायचा. आता मी चहा ओतते आणि म्हणते, बोला! सल्ले विसरून जातात हो, किस्से राहतात.

आम्ही कॅनडातल्या व्हिटबीतली पाच-सहा घरं. सगळे नोकरीवाले, सगळे जय भीमवाले. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये एकत्र वंदना आणि मग एकत्र जेवण. वंदना अगदी शांततेत होते. जेवण तसं आजवर एकदाही झालेलं नाही!

*

आमच्यात वाघमारेकाकू सगळ्यात मोठ्या. जीव लावतात, पण तोंडाला फाटक नाही. माझ्या हातांवर पहिले डाग उठले तेव्हा भर पंगतीत त्यांनी माझ्या ताटातला भात उचलला.

"पांढरं काही खायचं नाही! दूध नाही, दही नाही, भात नाही, मुळा नाही. पांढरं खाल्लं की पांढरं वाढतं!"

माझा नवरा मिलिंद चांगला काळासावळा. तो म्हणाला, "काकू, मी लहानपणापासून रोज ग्लासभर दूध पितोय. एक शेड तरी उजळलो का?"

"तू गप रे. तुझी केस हाताबाहेर गेलेली आहे!"

पंगत हसून लोळली. मी मात्र काकूंच्या ताटाकडे बघत होते. माझ्या ताटातला उचललेला तो उष्टा भात त्या वरण घालून खात बसल्या होत्या. त्याच आठवड्यात एका बाईंनी माझ्या हातचा पाण्याचा ग्लास "नंतर घेते" म्हणून तसाच ठेवला होता. म्हणून काकूंना मी सगळं माफ करते. सगळं म्हणजे, जवळजवळ.

*

दूध आणि मासे एकत्र खाल्ले की कोड येतं, हे आपल्याकडे पाढ्यांसारखं पाठ करून घेतात. आमच्या ऑफिसात पॉटलक होता, प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा. हेदर नावाची माझी कलीग समुद्रकाठच्या नोव्हा स्कोशियाची. तिनं घरून मोठं भांडंभर चाउडर आणलं. चाउडर म्हणजे काय, तर दुधात शिजवलेले मासे आणि बटाटे! मी पळी हातात घेऊन तशीच उभी.

"समथिंग राँग?" तिनं विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे असं असं म्हणतात.

हेदरनं आधी भांड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे.

"हनी, माझी आजी नव्वदीपर्यंत हेच खात होती. देन होल नोव्हा स्कोशिया इज इन ट्रबल!"

मी दोन बाउल खाल्ले. थोडं मीठ कमी होतं, पण गोऱ्यांच्या पॉटलकला तेवढं चालायचंच.

*

आता डॉक्टरांचं. इथं स्किन स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत मूल रांगायला लागतं. मिळाली एकदाची. मी मनात सगळं घोकून गेले होते. आंबट खाऊ का? वांगं चालेल का? तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यावं का?

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला काय आवडतं?"

"दहीभात."

"मग दहीभात खा. खाण्यामुळे झालेलं नाही हे, तुम्ही खाल्लेल्या कशामुळेही नाही. शरीर स्वतःच्याच रंगपेशींवर उठतं. सगळं नीट जेवा, उन्हात सनस्क्रीन लावा आणि औषधाचं आपण बघू."

पार्किंग लॉटमध्ये मी रडले. एवढी वर्षं मला वाटत होतं, माझंच काहीतरी खाण्यात चुकलं. मिलिंदनं गाडी ग्रोसरीकडे वळवली आणि दह्याचा सगळ्यात मोठा डबा आणला.

काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "गोरी डॉक्टर ना? तिला काय कळणार! तिच्या अंगावर आलं तरी दिसणार कुठं?"

*

मग आमच्या बेसमेंटमध्ये स्नेहल भाड्यानं राहायला आली. नागपूरची, कॉलेजात शिकणारी, ग्रोसरीत पार्टटाइम काम करणारी. मी किल्ली दिली तेव्हा तिनं ती घेतलीच नाही, माझा हातच धरला.

"ताई, तुम्हाला पण?"

तिच्या ओठांच्या कडेला आणि बोटांवर डाग होते, नवेच. आईनं तिला निघताना शब्द मागितला होता. मीठ नाही, दूधदही नाही, मासे नाहीत, आंबट नाही. तोंडावर पसरलं तर पोरीचं कसं होईल, ही आईची काळजी. पोरगी इमानदार. रोज उकडलेला दुधी आणि अळणी वरण.

एकदा तिनं प्रेमानं आमच्या आर्याला वरण वाढलं. आर्या दहा वर्षांची. एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला.

"ममा, धिस दाल इज ब्रोकन!"

स्नेहल पोट धरून हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "ताई, खरंच ब्रोकन आहे हो."

*

आणि एक दिवस ती कामावर चक्कर येऊन पडली. कांद्यांच्या पोत्यांवर पडली म्हणून लागलं नाही. वॉक-इन क्लिनिकमध्ये रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी, बी-ट्वेल्व्ह कमी. डॉक्टर म्हणाले, "हे डागांमुळे नाही. हे न खाल्ल्यामुळे आहे."

"आईला कोण सांगणार?" स्नेहल म्हणाली.

"मी सांगते! त्यात काय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हिडिओ कॉलवर बसले. साडी बिडी नेसून हो! तिच्या आई अंगणवाडीत शिकवतात, बोलायला मऊ. मी डॉक्टर सांगितली, रंगपेशी सांगितल्या, रक्ताचा रिपोर्ट सांगितला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"ताई, एक विचारू का? तुम्ही लहानपणी दही खात होता का वो?"

"हो, भरपूर."

"आणि मासे?"

"मासे तर फारच!"

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "बघा."

संपलं माझं भाषण! पुरावा मीच घेऊन बसले होते ना कॅमेऱ्यासमोर!

*

पण मी काय गप्प बसणारी आहे? त्या दिवसापासून स्नेहल आमच्याच टेबलवर जेवायला लागली. भाजीत मीठ, भातावर दही, शुक्रवारी मासे. कॉलच्या वेळी मात्र अळणी दुधीची वाटी तिच्यापुढे यायची. शूटिंगच म्हणा ना! कॉल संपला की ती वाटी मिलिंदच्या वाट्याला. दोन महिन्यांत त्याचं बीपी उतरलं.

एकदा आई म्हणाल्या, "स्नेहल, तुझ्या भाजीला कधीच वाफ कशी नसते वं?"

"आई, कॅनडा आहे ना. लगेच थंड होते!"

कॉल बंद झाला आणि ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. "ताई, मी आईशी रोज खोटं बोलते," एवढंच म्हणाली आणि खाली गेली. गाल भरले होते पोरीचे, पण ते तिच्या मनाला लागत होतं.

*

यंदा स्नेहलच्या कॉन्व्होकेशनसाठी आई व्हिजिटर व्हिसावर आल्या. आल्या त्याच आठवड्यात बुद्ध पौर्णिमा. तोवर मायलेकी खाली अळणीच जेवत होत्या. आपल्यात त्या दिवशी खीर असतेच, आणि खिरीला कुणी नाही म्हणत नाही. डायबेटिसवालेसुद्धा चमचाभर घेतात. हॉलमध्ये दीडशे माणूस. खिरीच्या पातेल्यावर अर्थातच वाघमारेकाकू.

स्नेहल सकाळपासून माझ्या मागे मागे. "ताई, आज मी सांगणार. आईसमोर खीर घेणार आणि सांगणार." तिची भीती एकच, आईचा आपल्यावरचा विश्वास जाईल.

रांग पुढे सरकली. आधी आई, मागे स्नेहल, तिच्या मागे मी. काकूंनी वाटी भरून आईंच्या पुढे धरली. आईंनी हात जोडले.

"मला नको. मी दूध घेत नाही."

"अहो, पौर्णिमेची खीर आहे!"

"माहीत आहे वो. पण नाही घेत. दूध नाही, दही नाही, मीठसुद्धा नाही."

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पण तुमच्या अंगावर तर कुठं डाग दिसत नाही!"

"लेकीच्या आहे ना," आई म्हणाल्या. "ती इकडे एकटी अळणी खाणार, आणि मी तिकडे मीठ घालून जेवू? ती विमानात बसली तेव्हापासून सोडलं."

काकूंची पळी तशीच हवेत. मी स्नेहलकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली, बघवेना. मग एकदम, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं ती बोलली.

"आई, मी सगळं खाते! गेल्या विंटरपासून. मीठ, दूध, दही, मासे. मी तुला रोज खोटं दाखवत होते."

आईंनी तिच्याकडे पाहिलं. चांगला वेळ लावून पाहिलं. मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून, अंगठ्यानं तिच्या ओठांच्या कडा पुसल्या.

"बरं झालं वं माय," त्या म्हणाल्या. "आपल्या दोघींतली एक तरी जेवत होती."

मग त्या वाघमारेकाकूंकडे वळल्या आणि स्वतःसाठी एक रिकामी वाटी उचलून पुढे केली.

"वाढा, काकू."