वेगळी चूल

खोटं कशाला बोलू, ती पोरगी पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपली. चांद्याच्या जंगलातल्या आमच्या गावात माझी माय मास्तरीण, मी तिची एकुलती एक. ही माझ्याच वयाची, पंधराची, आईबाप नसलेली. मामा तिला एका म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधायला निघाला होता, म्हणून माय तिला घरी घेऊन आली.

मग काय! तांदूळ किती रांधायचा, ताप चढला तर काय करायचं, बाजारात कोणी अंगावर आलं तर कसं बोलायचं, सारं तिला शिकवायचं. मला मात्र, "राहू दे वं, हात पोळशील." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेजारच्या गावच्या दवाखान्यात मदतनीस हवी होती. राहायचं एकटीनं. माय तिला म्हणाली, "आठ दिवस सोताच्या चुलीवर, कोणाले न इचारता राहून दाखव, त मी शब्द टाकीन. नाई त मामा घेऊन जाईन तुले."

आणि मायनं परसात तिच्यासाठी वारुळाच्या मातीची चूल घातली. माझ्यासाठी खेळातलीसुद्धा कधी घातली नव्हती!

ओल्या चुलीत जाळ घालू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुपारी त्या दोघी नदीवर धुणं घेऊन गेल्या, अन् मी चुलीत काटक्या कोंबून पेटवल्या. चूल मधोमध तडकली. राख उचलून फेकली. बरी जिरली, म्हटलं.

तिनं येऊन तड्यात बोट घातलं. चूल कोमट होती अजून. माझ्याकडे पाहिलं. तीन दगड मांडले अन् आठही दिवस त्यांवर रांधून खाल्लं. मामा आला तसा हात हलवत परत गेला. ती कामाला लागली.

"मले काऊन नाई शिकवलं?" मी मायशी भांडले.

"तुले मी आहो ना."

केवढी फुगले मी! जिंकलेच की.

दोन वर्षांनी माय तापानं गेली. शाळेची खोली सोडावी लागली, अन् मला साधी पेज जमत नव्हती. तीच आली, मला आपल्या गावी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी परसात माझ्यासाठी चूल घालू लागली.

"वाळू दे हिले," ती म्हणाली. "मांगच्या खेपेसारखी घाई नोको करू."

मी मान वर केली नाही. ती ओल्या अंगठ्यानं चुलीच्या कडा गुळगुळीत करत होती, अगदी माय करायची तश्शी. मायचा हात तिच्याकडे गेला होता. जीव जळला माझा. आजही जळतो.