पडद्यापुढचा नारळ

निजामाच्या अमलातली ती शेवटची वर्षं. येरमाळ्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. त्याचं मशीन चालवणारा माणूस माझ्या ओळखीचा झाला होता, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलता बोलता तो सदऱ्याच्या टोकानं भिंग पुसत राहायचा.

त्या साली आलेल्या चित्रपटात डॉक्टर हात टेकतो आणि साधूच्या अंगाऱ्यानं मेलेलं पोर उठून बसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन तंबूत आली. "त्या बाबाचा अंगारा द्या," म्हणाली.

मशीनवाल्यानं फिल्मची पट्टी उन्हात धरून तिला दाखवली. "माय, हे पोरगं मेलंच नव्हतं. नुसतं डोळे मिटून पडलं होतं." तिला पटेना. तेव्हा तो म्हणाला, "बाबाचा अंगारा कळंबच्या दवाखान्यात हाय. चला." खेळ बंद ठेवून त्यानं तिला बैलगाडीतून तिकडं नेलं.

लेकरू वाचलं. चार दिवसांनी तिनं येऊन पडद्यापुढं नारळ फोडला.

"डॉक्टरचं नाव न्हाय घेतलं तिनं," मी म्हणालो.

"कसं घेईल, मास्तर? अंगारा हाय म्हणून म्याच नेलं की तिला."

हातातलं खोबरं त्यानं तसंच खाली ठेवलं.