वेगळ्या घरातला राजा

आई गेल्यावर पप्पा आमच्याकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला राहायला आले. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते कित्येक वर्षं पंच होते. त्यांचा शब्द शेवटचा असायचा. माझ्या धाकट्या बहिणीने एका घटस्फोटित माणसाशी लग्न ठरवलं, तेव्हा "देवाला हे मान्य नाही," म्हणून ते लग्नाला गेले नाहीत. आईच्या अंत्यविधीला ती अमेरिकेतल्याच प्लेनोहून नगरला आली आणि मागे उभी राहून गेली. पप्पांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

रविवारी दुपारी आमच्या बेसमेंटमध्ये चार-पाच मराठी कुटुंबं उपासनेला जमतात. जानेवारीतल्या एका रविवारी मुलांना गोष्ट सांगायचं काम पप्पांकडे आलं. त्यांनी बायबलमधल्या यरुशलेमच्या एका राजाची गोष्ट निवडली. राजा चांगला होता. त्याने बुरूज बांधले, विहिरी खणल्या, शेतीला जीव लावला. पण बळ वाढलं तसा तो गर्वाने फुगला. धूप जाळायचा मान याजकांचा, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यांचा, तरी तो स्वतःच मंदिरात शिरला. याजकांनी अडवलं तेव्हा त्यांच्यावर भडकला, आणि तिथेच त्याच्या कपाळावर कोड उमटलं. कोड असलेल्याला तेव्हा लोकांपासून दूर ठेवत, म्हणून मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. राज्य मुलाने चालवलं.

माझ्या मुलीने इंग्रजीतच विचारलं, "आजोबा, मग त्याला भेटायला कोण जायचं?"

"तसं काही लिहिलेलं नाही, बाळा."

"पण त्याने कुणाला बोलावलं होतं का?"

पप्पा चष्मा पुसत बसले. शेवटी एका काकूंनी प्रार्थना सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलाशी बसले होते, समोर चहा गार झालेला.

"याजकांवर ओरडताना राजाच्या हातात धुपाटणं होतं," ते म्हणाले. "आपण देवाचंच काम करतोय, असं वाटत असणार त्याला. मलाही तसंच वाटत होतं."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"धाकटीला फोन लाव. मी बोलतो."

मी फोन लावून दिला. "मी चुकलो, बेटा," ते म्हणाले. "येऊ का तुझ्याकडे?" पलीकडचा वाहता नळ बंद झाला. मग तिचा आवाज आला, "इकडे तुमच्याइतकी थंडी नाही. जाड कोट आणू नका."

मीच त्यांना घेऊन गेले. एअरपोर्टवर बहिणीचा नवरा, पप्पांचे धाकटे जावई, आले होते. "या पप्पा," म्हणत त्यांनी बॅग घेतली. दार उघडून बहीण उभी होती, तरी पप्पा बाहेरच थांबले. "येऊ ना आत?"

"हे काय विचारणं झालं?" ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

सगळं लगेच सुरळीत झालं नाही. ती मलाच म्हणायची, "विचार त्यांना, साखर किती घालू." जावई मात्र त्यांना रोज गाडीतून फिरवून आणायचे. जेवताना पप्पा तिच्याकडे बघायचे आणि तिने वर पाहिलं की ताटात बघायचे.

मी निघायच्या आदल्या दुपारी तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. नखं वाढली होती. हात कापत असल्यामुळे त्यांना ती काढता येत नव्हती, आणि त्यांनी मला कधी सांगितलंही नव्हतं.

"आई काढायची ना?" तिने थेट त्यांनाच विचारलं.

त्यांनी मान हलवली. ती नेलकटर घेऊन खाली कार्पेटवर बसली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. पप्पांनी संकोचून तो मागे ओढला.

"हलू नका, पप्पा," ती म्हणाली. "लागेल."