गौराक्कांच्या घरातली उभी बाटली

शेजारच्या गौराक्का आमच्या घरात शिरल्या की आधी बाटल्या आडव्या करायच्या. तेलाची, फिनेलची, कसलीही असो. एकदा काकवीची आडवी केली आणि माझा सगळा ओटा चिकट झाला. मी चिडले, तर म्हणाल्या, "बूच घट्ट लावायला शिक की गं!"

गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावात दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. दारूपायी नवरा गमावलेल्या अक्कांनी दारोदार फिरून आडवी बाटली निवडून आणली. तेव्हापासूनची ही खोड.

त्यांचा मुलगा शिवा साखर कारखान्यात केमिस्ट होता, तो कॅनडाला गेला. तिथं कसल्या कारखान्यात लागला, हे त्यानं बरेच दिवस सांगितलंच नाही. शेवटी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलला. कारखाना व्हिस्कीचा, फार जुना, एका पिठाच्या गिरणीवाल्यानं उरल्यासुरल्या धान्यातून सुरू केलेला. मका, बार्ली आणि राय नावाचं गव्हासारखं धान्य, प्रत्येकाची दारू वेगळी काढायची, लाकडी पिंपांत निदान तीन वर्षं मुरवायची, मग चव बघून एकत्र करायची.

"अव्वा, पिंपं आडवीच ठेवतो बघ आम्ही," शिवा हसत म्हणाला. "आणि मुरताना दरवर्षी थोडी हवेत उडून जाते."

अक्का हसल्या नाहीत. "उडाली तेवढी बरी. कुणाच्या पोटात तर गेली न्हाय."

फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "हितली बंद केली आन् तिकडं माझंच पोरगं गाळतंय. तिथल्या बायकास्नी नवरं न्हाईत व्हय?"

शिवा सुट्टीला आला तेव्हा स्वतः चव जुळवलेल्या व्हिस्कीची बाटली घेऊन आला. तो परत गेल्यावर अक्कांनी मला कपाट उघडून दाखवलं. बाटली उभी होती.

"किती हरखून दावत हुतं गं पोरगं. आडवी करायला गेलो, हात धजला न्हाय."

पुढं शेजारच्या गावात मतदान लागलं. तिथल्या बायका अक्कांना न्यायला आल्या. अक्का उठल्याच नाहीत. "घरात उभी ठेवून तुमास्नी आडवी करा म्हनून कुठल्या तोंडानं सांगू?" मी परोपरीनं समजावलं, पण व्यर्थ. त्या गावात उभी बाटली जिंकली. काही दिवसांनी न्यायला आलेल्यांतलीच एक बाई अक्कांना एसटी स्टँडवर भेटली, नवऱ्यानं दारूच्या नशेत हात मोडलेला. अक्का तिथून थेट माझ्याकडे आल्या. "ह्यो हात माझ्यामुळं मोडला," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर माझ्या ओट्यावरची एकही बाटली त्यांनी आडवी केली नाही. मी मुद्दाम त्यांच्यासमोर एखादी बाटली उभी करून ठेवायची, त्या दुसरीकडे बघायच्या. मला फार वाईट वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. शिवा आला. कपाट आवरताना ती बाटली त्याच्या हाती लागली, सील न तोडलेली. तिच्यावर धुळीचा कणही नव्हता.

"अव्वानं टाकली नाही?" त्यानं विचारलं.

"जपून ठेवली होती रे," मी म्हणाले.

तेवढं खरंच होतं. बाकीचं, त्या बाटलीपायी अक्का मतदानाला गेल्या नाहीत ते आणि तो मोडलेला हात, मी गिळलं. त्याचा चेहरा इतका उजळला, की ते पुढंही कधी सांगवलं नाही. अक्कांचं ओझं तेव्हापासून माझ्याकडे आलं.